काळ्या गोलांचा हिशेब

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला मूल बसलेले असले की त्या घराचा मे महिना कसा जातो, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच ठाऊक. परीक्षा आटोपलेली असते, निकाल लागायचा असतो. येणारा-जाणारा विचारतो, "किती पडतील?" मूल एक आकडा सांगते, आई दुसरा सांगते, आणि बाप काहीच न बोलता कामावर निघून जातो. अशात जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दार अगदी थोडे दिवस उघडते. आपल्या समाजात त्याविषयी फारसे बोलले जात नाही, म्हणून आज कुटुंबाच्या या पानावर आम्ही तोच विषय घेतला आहे. ते दार म्हणजे आपल्या मुलाने परीक्षेत स्वतःच्या हाताने काळी केलेली उत्तरपत्रिका डोळ्यांनी पाहण्याचे, तपासण्याचे आणि चूक दिसली तर हरकत घेण्याचे.

वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' ही परीक्षा २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, घेते. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, कोरे सोडले तर शून्य. प्रश्नांची पुस्तिका मूल घरी आणू शकते, पण उत्तरपत्रिका मात्र मूळ प्रत आणि कार्यालयीन प्रत, दोन्ही केंद्रावरच जमा होतात. मग संस्था ती कागदे यंत्रातून काढते, तिचे चित्र संकेतस्थळावर ठेवते, यंत्राने प्रत्येक प्रश्नाला काय वाचले त्याची यादी देते आणि सोबत तात्पुरती उत्तरतालिका जाहीर करते. २०२५ साली परीक्षा ४ मे रोजी झाली आणि हे दार ३ ते ५ जून असे तीनच दिवस उघडे होते. निकाल १४ जूनला लागला. तीन दिवसांत ज्याने पाहिले त्याने पाहिले.

हे तीन दिवस आम्ही योगायोगाने विसरवाडीला होतो. सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, नवापूर तालुक्यातले हे गाव. पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो, तो चढला की साक्री, मग धुळे. गावात भिल्ल, मावची, कोकणी बांधव मोठ्या संख्येने. नंदुरबार जिल्ह्यातच २०११ च्या जनगणनेनुसार शंभरात ६९ लोक अनुसूचित जमातीचे आहेत. आपली बौद्ध घरे मोजकी. बाजारात अहिराणी, मावची आणि गुजराती एकाच वेळी कानावर पडते. आमच्या एका नातलगाकडे मुक्काम होता. त्यांची मुलगी त्या वर्षी परीक्षेला बसलेली. बाप महामार्गाच्या कडेच्या गॅरेजमध्ये काम करतो, आई अंगणवाडी सेविका. मुलीची जिवलग मैत्रीण जवळच्या पाड्यावरची मावची समाजाची, शासकीय आश्रमशाळेत शिकलेली. तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. दोघींनी एकाच पुस्तकांच्या संचावर अभ्यास केला होता. रात्री एकीकडे पुस्तक, सकाळी दुसरीकडे.

परीक्षेच्या संध्याकाळीच आमच्या भाचीने एका क्लासची उत्तरतालिका मोबाईलवर मिळवली होती आणि पुस्तिकेवर केलेल्या खुणांवरून हिशेब मांडला होता. सोडवलेले प्रश्न १७१, त्यातले बरोबर १२२, चूक ४९. म्हणजे ४८८ वजा ४९, बरोबर ४३९. महिनाभर घरात हा आकडा देवाच्या आकड्यासारखा बोलला जात होता. (आपल्याकडे देव नाहीत, पण आकड्यांना देव करायची सवय मात्र अजून गेलेली नाही, हे सहज सांगून ठेवतो.)

३ जूनला चित्र उघडले ते झेरॉक्सच्या दुकानात. घरी मोबाईलवर ते पान नीट दिसेना आणि पहिल्या पावसाने वीज तासातासाला जात होती. दोघींच्या उत्तरपत्रिकांचे प्रिंट काढून आणले. ओट्यावर चटई टाकली. आम्ही म्हटले, "एकटीने तपासू नका. एकीने वाचायचे, दुसरीने बोट ठेवायचे." कारण स्वतःच्या उत्तरपत्रिकेत माणसाला जे हवे तेच दिसते.

मग वहीत चार रकाने आखले. पहिल्यात पुस्तिकेवर केलेली खूण, दुसऱ्यात चित्रात काळा दिसणारा गोल, तिसऱ्यात यंत्राने वाचलेले उत्तर, चौथ्यात संस्थेची उत्तरतालिका. काम सोपे वाटते, पण १८० प्रश्न चार ठिकाणी, म्हणजे ७२० नोंदी. दोघींच्या मिळून चौदाशे चाळीस. दुपारी बसल्या त्या कंदील लागेपर्यंत उठल्या नाहीत. आजी मध्येच येऊन म्हणाली, "काय व्हयनं व माय, अजून मोजनंच सुरू शे का?"

सर्वांत आधी पाहायचा तो पुस्तिकेचा संकेतांक. तेच प्रश्न वेगवेगळ्या पुस्तिकांत वेगळ्या क्रमाने येतात आणि उत्तरतालिका संकेतांकाप्रमाणे वेगळी असते. दुसऱ्याच संकेतांकाची तालिका घेऊन बसलात तर हुशार मुलाचेही सारे उत्तर चुकलेले दिसते. एका घरात अशाने दोन दिवस चूल पेटली नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. शेजाऱ्याच्या लक्षात आले म्हणून बरे.

भाचीच्या वहीत काय निघाले ते सांगतो, कारण त्यातच सारा विषय आला. क्लासच्या तालिकेत तीन उत्तरे चुकीची होती. तिने ती बरोबर धरली होती, ती आता चूक ठरली. एका प्रश्नाचे चार गेले आणि वर एक वजा, म्हणजे पाचाचा फरक, तिनांचे मिळून पंधरा. दोन ठिकाणी पुस्तिकेवर खूण दुसऱ्या पर्यायावर होती आणि उत्तरपत्रिकेत गोल काळा झाला होता तिसरा. शेवटच्या वीस मिनिटांत हात घसरला. ते दहा. आणि एका प्रश्नाचा गोल अर्धवटच भरलेला होता, नुसती रेघ ओढावी तसा. यंत्राने तो कोरा वाचला होता. ते चार. एकूण एकोणतीस. ४३९ मधून २९ गेले, उरले ४१०. उलटून मोजले तरी तेच : बरोबर ११६, चूक ५४, कोरे १०. ४६४ वजा ५४.

मुलगी गप्प झाली. तिच्या आईने चहा ठेवला. बाप गॅरेजमधून आला, त्याला आकडा सांगितला. तो म्हणाला, "चारशे दहा तर चारशे दहा. पण आता खरा आहे ना?" आम्हाला वाटते, एवढा शहाणा प्रश्न त्या महिन्यात कोणी विचारला नसेल. क्लासच्या ४३९ वर विसंबून त्यांनी महाविद्यालयांच्या पसंतीची यादी केली असती, तर ती सारी वाळूवर उभी राहिली असती. निकालाच्या दिवशी २९ गुणांचा धक्का बसणे वेगळे आणि दहा दिवस आधी कारणासकट ते कळणे वेगळे.

यंत्राला आडनाव वाचता येत नाही

ही गोल काळे करण्याची पद्धत आली कुठून, असे मुलींनी विचारले. अमेरिकेत रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका विज्ञान शिक्षकाने मुलांचे पेपर तपासण्यासाठी एक यंत्र बनवले. शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, एवढ्यावर ते यंत्र चाले. आयबीएम कंपनीने त्याला नोकरीत घेतले आणि १९३८ साली ते यंत्र बाजारात आणले. पुढे विजेऐवजी प्रकाश आला. आजचे यंत्र कागदावर उजेड टाकते. पांढरा कागद तो उजेड परत पाठवतो, काळा गोल गिळून टाकतो. कागदाच्या कडेला असलेल्या काळ्या पट्ट्यांवरून यंत्राला ओळ कळते. प्रत्येक गोलात काळेपणा किती, ते मोजते आणि ठरलेल्या मापापेक्षा जास्त असेल तरच 'उत्तर' म्हणते. म्हणूनच अर्धवट गोल, टिंब, फुली ही यंत्राच्या लेखी उत्तरे नव्हेत. दोन गोल काळे झाले तर तेही बरोबर धरले जात नाही. आणि पेन बॉलपेन असल्याने खोडायची सोय नाही.

आपल्या लोकांना या यंत्राविषयी एक प्रकारचा विश्वास वाटतो, त्याला कारण आहे. यंत्राला आडनाव वाचता येत नाही. मुलगा कोणत्या वस्तीतून आला, त्याची आई काय काम करते, हे त्याला दिसत नाही. तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत आपल्या पिढ्यांनी जे सोसले, ते ज्यांना आठवते त्यांना या आंधळ्या यंत्राचे मोल कळते.

पण यंत्र आंधळे असले तरी त्याच्या मागचे हात आंधळे नसतात, हेही विसरून चालणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, गुण फिरवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले. २०२२ साली राज्य परीक्षा परिषदेने ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. पैसे देऊन पात्र झालेल्यांच्या जागी किती गरीब, लायक मुले घरी बसली असतील, याचा हिशेब कोणत्याच यादीत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या सार्वजनिक परीक्षांच्या केंद्रीय कायद्यात उत्तरपत्रिकेत, ओएमआरमध्येसुद्धा, फेरफार करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला आहे. कायदा झाला हे चांगलेच. पण ज्याने स्वतःची उत्तरपत्रिका पाहिलीच नाही, त्याला फेरफार झाला हे कळणार कसे?

हा हक्क आयता आलेला नाही

आजची मुले मोबाईलवर उत्तरपत्रिका पाहतात, पण त्यांच्या आई-बापांना हे भाग्य नव्हते. बारावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या उत्तरपत्रिका पाहू द्या, फेरतपासणी करा अशी मागणी केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला होता. मात्र महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाने दाद मागितली आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा नियमच ग्राह्य धरला. उत्तरपत्रिका मंडळाच्या कपाटात राहिली. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या खटल्यात स्पष्ट केले की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला अधिकार आहे. मधे सत्तावीस वर्षे गेली. एवढ्या काळात आपल्या किती मुलांना "नापास" या एका शब्दावर विश्वास ठेवून शेतमजुरीला जावे लागले असेल!

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे आपली बाजू मांडली ती भावनेच्या भाषेत नव्हे, तर कागद आणि आकडे पुढे ठेवून. आपल्या समाजाला त्यांनी हा मार्ग दाखवला. भगवान बुद्धांनीही केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते की ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा शब्द एवढ्यावर काही मान्य करू नका. क्लासची उत्तरतालिका हाही अखेर गुरूचाच शब्द. धम्मात ज्याला 'ये आणि पाहा' म्हणतात, ते पाहणे हेच.

दोनशे रुपयांचा प्रश्न

आता मैत्रिणीची गोष्ट. तिच्या उत्तरपत्रिकेत घोळ नव्हता. प्रत्येक गोल टपोरा, यंत्राने सारे नीट वाचलेले. पण जीवशास्त्राच्या एका प्रश्नात तात्पुरत्या तालिकेतले उत्तर आणि तिच्या पाठ्यपुस्तकातले वाक्य यांचा मेळ बसेना. हरकत घ्यावी की नाही?

हरकतीचे शुल्क २०२५ साली एका प्रश्नाला २०० रुपये होते, परत न मिळणारे. यंत्राने चुकीचे वाचले असे म्हणायचे असेल तरी तेवढेच. अर्ज भरताना सर्वसाधारण गटाला १,७०० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १,००० रुपये शुल्क होते, म्हणजे तेथे सवलत. हरकतीला सवलत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरलेली होती. म्हणजे एक प्रश्न विचारण्याला दोन तृतीयांश दिवस मातीकाम. जूनचा पहिला आठवडा म्हणजे बियाणे घेण्याचे दिवस, ऊसतोडीचे पैसे बहुतेक संपलेले. आम्हाला ही व्यवस्था पटत नाही. हरकत खरी ठरली तर शुल्क परत द्यावे, एवढे तरी करायला काय हरकत आहे? उगाच हजारो हरकती येऊ नयेत म्हणून शुल्क असते हे आम्ही समजतो. पण श्रीमंताच्या मुलाला दोनशे रुपये अडवत नाहीत, अडवतात ते याच मुलीला.

"दोनशे फुकट गेले तर?" ती म्हणाली.

आम्ही तिला २०२४ ची हकीकत सांगितली. त्या वर्षी २३ लाखांहून अधिक मुले बसली होती. भौतिकशास्त्रात अणूविषयी एक प्रश्न आला. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे एक पर्याय बरोबर, नव्याप्रमाणे दुसरा. संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञांकडून मत मागवायला सांगितले. एकच पर्याय बरोबर, असे तज्ज्ञांनी कळवले. २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी फेटाळली, पण त्या प्रश्नाप्रमाणे निकाल बदलायला लावला. सुमारे ४ लाख २० हजार मुलांचे पाच-पाच गुण कमी झाले. ७२० पैकी ७२० मिळवणारे सुरुवातीला ६७ होते, ते शेवटी १७ उरले. मुख्यतः एका प्रश्नाने! आता या निर्णयाने काहींचे नुकसान झाले, काहींचा क्रमांक वर गेला. आम्हाला येथे कोणाची बाजू घ्यायची नाही. सांगायचे एवढेच की एका प्रश्नावर कोणीतरी पुस्तक उघडून बोट ठेवले, म्हणून देशाची यादी बदलली.

भाचीच्या अर्धवट गोलावर मात्र हरकत घेऊ नये, असेच आमचे मत पडले आणि तिलाही ते पटले. चित्रात गोल खरोखरच भरलेला नव्हता. यंत्राने वाचले ते बरोबर होते. गोल नीट काळा असून यंत्राने कोरा वाचला असता, तर दोनशे काय, उसने काढून द्यायला सांगितले असते.

येथे एक कडू गोष्टही सांगावी लागते. २०२४ मध्ये आपली उत्तरपत्रिका फाटल्याचे सांगत एक विद्यार्थिनी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात गेली. तिने जोडलेली कागदपत्रे बनावट निघाली. तिच्या ध्वनिचित्रफितीवर विश्वास ठेवून देशभर किती आरडाओरड झाली होती! आपल्या मुलांना हे निक्षून सांगा की हिशेब जुळत नसेल तर कागद बोलू द्यावा, कागदाला बोलायला लावू नये.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. महाराष्ट्रातल्या केंद्रांवर पुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत मिळते, पण दोहोंत फरक असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. म्हणून हरकत घेण्याआधी तो प्रश्न इंग्रजीतून वाचून घ्यावा, गावातल्या शिक्षकाला दाखवावा. मैत्रिणीने तसेच केले. आश्रमशाळेतल्या तिच्या बाईंनी वाचून सांगितले, "शंका रास्त आहे, पण खात्री नाही." तरीही तिने हरकत घेतली. पैसे भाचीच्या बापाने मोबाईलवरून भरले. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी शंभराच्या दोन नोटा आणून दिल्या. हा घ्यायला तयार नाही, ते परत न्यायला तयार नाहीत. शेवटी त्या नोटा आजीने ठेवून घेतल्या.

हरकत मान्य झाली की नाही, हे संस्था प्रत्येकाला वेगळे कळवत नाही. तज्ज्ञ पाहतात, अंतिम तालिका निघते, त्यानंतर फेरतपासणी नाही. मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही. भाचीचा निकाल वहीतल्या आकड्याला तंतोतंत जुळला, ४१०. मैत्रिणीचाही जुळला. त्या दिवशी दोघी रडल्या नाहीत की नाचल्या नाहीत. वही काढली, पसंतीची यादी खालून वर पुन्हा लिहिली, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, अधिवास, सारे एका पिशवीत घातले. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यादीत ते दोघींनी कुठे ठेवले, ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

ज्या घरांत पुढील परीक्षार्थी आहेत त्यांनी इतके करावे. अर्ज भरताना ई-मेल आणि मोबाईल क्रमांक मुलाचा किंवा घरातलाच द्यावा, क्लासचा किंवा दुकानदाराचा नव्हे, कारण सूचना तेथेच येतात. अर्जाचा क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. पुस्तिका रद्दीत जाऊ देऊ नये. उत्तरपत्रिकेचे चित्र दिसताच उतरवून घ्यावे, प्रिंट काढावा. परीक्षेचे अभिलेख निकालानंतर ९० दिवसच ठेवले जातात असे संस्थेच्या माहितीपत्रकात म्हटलेले असते. त्यामुळे काही मागायचे असेल तर त्या मुदतीतच मागावे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला केंद्र सरकारकडे दहा रुपये लागतात आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत.

गोल भरण्याचा सराव तर शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपासूनच करून घ्यावा. शहरातल्या क्लासमध्ये मुले शेकडो कोऱ्या पत्रिका काळ्या करतात. आमच्या भाचीने परीक्षेपूर्वी सारा सराव वहीत अ-ब-क-ड लिहून केला होता. खरी पत्रिका तिने पहिल्यांदा पाहिली ती परीक्षेच्या खोलीत. कोऱ्या नमुन्याची झेरॉक्स दोन-तीन रुपयांना मिळते. विहारांच्या समित्यांनी आणि महिला मंडळांनी असे गठ्ठे करून ठेवावेत, ही आमची सूचना आहे.

३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी आपला समाज जमतो. बाबासाहेब १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले, तेव्हा तेथे उतरले होते. त्या वर्षी विसरवाडीची ही मंडळी टेम्पो करून गेली. भाचीने चार रकान्यांची ती वही सोबत घेतली होती. साक्रीच्या दोन मुलींना पुढच्या वर्षी परीक्षेला बसायचे होते. त्यांनी पानांचे फोटो काढून घेतले.